पेटीतील कागद आणि नागरिकाचा हक्क

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात बसस्थानकापासून रसेल मार्केटपर्यंत सकाळच्या वेळी पायी गेले, तर तेवढ्या अंतरात पाचसहा भाषा कानांवर पडतात. कन्नड, तमिळ, उर्दू, तेलुगू या तेथील नेहमीच्या. त्यांत मधूनच मराठीही असते. १८०९ साली इंग्रजांनी येथे लष्कराची छावणी वसवली आणि तिच्या मागोमाग शिंपी, चांभार, भिस्ती, भाजीविके, सोनार, गवंडी असे नाना व्यवसायांचे लोक चहूकडून येऊन राहिले. त्याही पूर्वी, १६३८ नंतर, बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती. तेव्हा या नगराशी मराठी माणसाचा संबंध काही कालपरवाचा नव्हे. सोन्याचांदीच्या गलाईचे काम करणारी सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील कुटुंबे तर दक्षिणेतील शहराशहरांतून पसरलेली आहेत.

जेथे इतक्या ठिकाणचे लोक एकत्र येतात, तेथे कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातो : “तुम्ही मूळचे कोठले?” शेजाऱ्याने विचारला, तर त्यातून ओळख वाढते. परंतु हाच प्रश्न सरकारी अधिकाऱ्याने विचारला आणि “तुम्ही या देशाचे नागरिक आहात, हे दाखवा” असे म्हटले, तर बऱ्याच सुशिक्षित घरांतही क्षणभर शांतता पसरेल. आपण भारतीय आहोत, हे आपणांस श्वासाइतके स्वाभाविक वाटते. ते सिद्ध करण्याची वेळ येईल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

तशी वेळ येते, हे अलीकडच्या घटनांनी दाखविले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बेंगळुरूत पोलिसांनी सुमारे साठ स्त्रीपुरुषांना व मुलांना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतले आणि पुढच्याच महिन्यात त्यांना आगगाडीने हावड्याकडे रवाना केले. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूर भागातील मजुरांच्या झोपड्या अशाच संशयावरून पाडण्यात आल्या. तेथे उत्तर कर्नाटकातून आणि देशाच्या इतर राज्यांतून पोटासाठी आलेली भारतीय कुटुंबे राहत होती. हे प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयापुढे गेले. मुख्य न्यायमूर्ती त्या वेळी अभय ओक होते. त्यांच्या खंडपीठाने या कारवाईला कायद्याचा आधार नसल्याचे सांगितले आणि बेघर झालेल्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली.

एकाच शहरात, काही महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी. एका प्रसंगी माणसे गाडीत बसून गेली. दुसऱ्या प्रसंगी कोणी तरी न्यायालयाचे दार ठोठावले आणि बाजू ऐकली गेली. म्हणून असा प्रसंग आल्यास काय करावे, आणि तो येण्यापूर्वीच घरात कोणती सिद्धता असावी, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने शांतपणे करणे अगत्याचे आहे.

पुरावा कोणी द्यावयाचा?

फौजदारी खटल्यात आरोप करणाराने आरोप सिद्ध करावयाचा असतो, हे आपण जाणतो. परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात मात्र हा नियम उलटा आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या नवव्या कलमाने, आपण परकीय नाही हे दाखविण्याचा भार त्या त्या व्यक्तीवरच ठेवला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या ‘इमिग्रेशन आणि परकीय नागरिक’ कायद्याने घेतली असली, तरी हे तत्त्व कायम राहिले आहे. वैध पारपत्र किंवा प्रवेशपत्र नसताना देशात येणाऱ्यास नव्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

कोण नागरिक, याचे उत्तर राज्यघटनेत आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला, तो सर्वसाधारणपणे जन्मानेच भारताचा नागरिक होय. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्याच्या बाबतीत आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असावयास हवे. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही नागरिक असावेत, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशी अट आहे. याचा अर्थ ध्यानात घ्यावा : आजच्या वीसबावीस वर्षांच्या मुलाला स्वतःचा जन्मदाखला पुरत नाही, त्याला आईवडिलांचेही कागद लागतात.

केवळ दीर्घकाळ राहिल्याने नागरिकत्व मिळते, हाही समज चुकीचा आहे. बेल्जियममधून १९३७ साली आलेले एक ख्रिस्ती धर्मोपदेशक आयुष्याचा बहुतेक काळ भारतात राहिले. त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ साली न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ते परदेशी पारपत्रावर आणि निवासाच्या परवान्यावर राहत होते. येथेच कायमचे स्थायिक होण्याचा इरादा घटना अमलात येण्याच्या वेळी होता, हे त्यांना दाखविता आले नव्हते. याच निकालात न्यायालयाने असेही सांगितले की, जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे एकविसाव्या कलमातील संरक्षण परकीयालाही आहे; पण भारतात कोठेही राहण्याचा हक्क नागरिकाचाच.

ऐकून घेण्याचा हक्क

एवढे वाचून एखाद्याच्या मनात भीती उत्पन्न होईल. परंतु कायद्याला दुसरी बाजूही आहे आणि तिचा आरंभ आपल्या मुंबईच्या एका प्रकरणातून झाला.

फाळणीनंतर पाकिस्तानातून येणाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९४९ साली एक कायदा करण्यात आला होता. परवान्यावाचून आल्याचा नुसता वाजवी संशय असला, तरी त्या व्यक्तीला देशाबाहेर घालविण्याचा हुकूम सरकारला देता येत असे. त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद नव्हती. ‘इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य’ या प्रकरणात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम, नागरिकांना लागू होते तेवढ्यापुरते, घटनाविरोधी ठरविले. नागरिकाला त्याची बाजू मांडू न देता त्याच्याच मायदेशातून बाहेर काढणे म्हणजे त्याच्या नागरिकत्वाच्या हक्कांचाच नाश करणे होय, असा त्या निर्णयाचा आशय होता. फाळणीच्या जखमा ताज्या असताना हा निर्णय दिला गेला, हे विसरून चालणार नाही.

सत्तर वर्षांनी, ११ जुलै २०२४ रोजी, हेच सूत्र पुन्हा सांगावे लागले. आसामात परकीय ठरविण्याचे काम १९६४ च्या आदेशाने स्थापन झालेल्या न्यायाधिकरणांकडे आहे. तेथील नलबारी जिल्ह्यातील एका गृहस्थांना २०१२ साली अशाच न्यायाधिकरणाने एकतर्फी परकीय ठरविले. आजारपणामुळे ते वेळेवर हजर राहू शकले नव्हते. पुढे त्यांनी कागद दाखविले, तर त्यांतील नावांच्या स्पेलिंगमधील आणि तारखांतील किरकोळ फरकांवर बोट ठेवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भारतीय नागरिक ठरविले. पुराव्याचा भार व्यक्तीवर असला, तरी संशयाला काही तरी आधार अधिकाऱ्यांपाशी असलाच पाहिजे आणि तो आधार त्या व्यक्तीला कळविला पाहिजे. नावाच्या लेखनातील क्षुल्लक फरकावरून कोणाचे नागरिकत्व जाऊ नये, असे न्यायालय म्हणाले. हा न्याय मिळाला खरा, पण तो ऐकावयास ते गृहस्थ उरले नव्हते. अडीच वर्षांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते.

उतावळेपणाने केवढी हानी होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातही घडले आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात कामासाठी आलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे पाठविण्यात आले. ते भारतीयच असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. देशाच्या सीमा राखणे हे सरकारचे कर्तव्यच आहे; बेकायदा प्रवेश करणाऱ्याला परत पाठविण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. परंतु माणूस कोण आहे, हे पुरते पाहिल्याखेरीज तो अधिकार वापरला, तर घाव आपल्याच देशबांधवावर बसतो.

नकाशा बदलतो, माणूस तेथेच राहतो

आता घरातील पेटी उघडू. समजा, शिवाजीनगरात राहणारे एक मराठी कुटुंब मूळचे बेळगावचे आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बेळगाव, मुंबई राज्य’ असे असेल. कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. वडिलांच्या दाखल्यावर ‘म्हैसूर राज्य’ असेल. धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘कर्नाटक’ असेल. राज्याचे नाव १९७३ मध्ये बदलले. नातवाच्या कागदावर ‘बेळगावी’ आणि ‘बेंगळुरू’ असे असेल. ही रूपे १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झाली. बिदरकडील कुटुंब असेल, तर आजोबांचा कागद ‘हैदराबाद राज्या’चा, आणि कदाचित उर्दूत. खुद्द शिवाजीनगराची गोष्टही अशीच. १९४७ पर्यंत हा भाग म्हैसूर संस्थानाच्या कारभारात नव्हता. तो इंग्रजांच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’मध्ये मोडत असे. बेंगळुरूच्या दोन्ही नगरपालिका एक होऊन महानगरपालिका झाली ती १९४९ साली.

तीन पिढ्यांनी सरहद्द ओलांडलेली नसते, पण त्यांच्या कागदांवर तीन राज्यांची नावे असतात. हे आपणांस ठाऊक असते. चौकशी करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यास ते ठाऊक असेलच असे नाही. म्हणून कुटुंबाचा इतिहास एका कोऱ्या कागदावर लिहून ठेवावा : कोण, केव्हा, कोठे जन्मले, ते गाव तेव्हा कोणत्या राज्यात होते, आज त्याचे नाव काय. घरातील वडीलधारे हयात आहेत, तोवरच हे काम करून घ्यावे.

माहेरचे नाव

सर्वांत मोठी अडचण येते ती गृहिणींची. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलले जात असे. माहेरी जी सुमन मारुती, ती सासरी शालिनी दत्तात्रय झाली. शाळेचा दाखला एका नावाचा, मतदार यादीतील नाव दुसरे. ही दोन्ही माणसे एकच आहेत, असे सांगणारा कागद घरात नसला, तर तिचा तिच्या वडिलांशी असलेला संबंध कागदोपत्री तुटतो. आणि नागरिकत्वाचा धागा तर अनेकदा वडिलांकडूनच दाखवावयाचा असतो.

आसामात नागरिक नोंदणीच्या वेळी लाखो विवाहित स्त्रिया याच पेचात सापडल्या. त्यांच्यापाशी माहेरचे नाते सांगणारा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा दाखला तेवढाच होता. ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा दाखला, त्यातील मजकुराची आणि त्याच्या खरेपणाची तपासणी करून, नाते जोडणारा पुरावा म्हणून स्वीकारता येईल असा निर्णय दिला. तेव्हा लग्नाची नोंदणी अवश्य करून घ्यावी. नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपावी. मुलीच्या लग्नात भांडीकुंडी आणि दागिने देताना तिच्या जन्मदाखल्याची व शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रतही तिच्या हाती द्यावी. ही भेट तिला आयुष्यभर उपयोगी पडेल.

जन्मदाखल्याचे महत्त्व तर आता अधिकच वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी, शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थान दाखविण्यास हाच दाखला धरला जातो. पूर्वी नोंद राहून गेली असेल, तर उशिराही ती करता येते; एक वर्षाहून अधिक काळ लोटला असल्यास जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश घ्यावा लागतो. आधारपत्र हा मात्र नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. तसे आधारच्या कायद्यातच म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यावरूनच कोणी नागरिक ठरत नाही, असे एका जामीन अर्जाच्या निकालात स्पष्ट केले. ही कार्डे टाकाऊ नव्हेत. त्यांच्या जोडीला जन्मदाखला, शाळेचा दाखला, जुन्या मतदार यादीचा उतारा, जमिनीचा सातबारा किंवा पहाणी उतारा, वडिलांच्या नोकरीचे कागद असे जुने पुरावे असावेत.

नोटीस आली तर

सिद्धता असूनही नोटीस आली, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, ती स्वीकारावी. नोटीस नाकारल्याने किंवा घर बदलल्याने प्रश्न सुटत नाही. उलट आपल्या माघारी एकतर्फी निर्णय होतो. ती कोणत्या कार्यालयाची, कोणत्या कायद्याखालील आणि किती मुदतीची आहे हे पाहून, मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

दुसरी गोष्ट, उत्तर लेखी द्यावे आणि पोचेची सही घ्यावी. संशयाचे कारण सांगितलेले नसेल, तर ते लेखी मागावे. कागद मूळ गावाहून आणावयाचे असतील, तर मुदत संपण्यापूर्वी वाढ मागावी. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा संशयित व्यक्तींची त्यांच्या मूळ राज्यातून पडताळणी करण्यास तीस दिवसांची मुदत घालून दिली; तेव्हा गावचे तलाठी, ग्रामपंचायत आणि शाळा यांच्याशी लगोलग संपर्क साधावा.

तिसरी गोष्ट, मूळ कागद हातचे सोडू नयेत. साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ प्रती दाखवून परत घ्याव्यात. घेतल्याच गेल्या, तर त्यांच्या यादीवर अधिकाऱ्याची सही घ्यावी.

चौथी गोष्ट, अटक झाल्यास घटनेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे अटकेचे कारण समजण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क आहे. जे समजले नाही, त्या निवेदनावर सही करू नये. कन्नड येत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे.

पाचवी गोष्ट, पैसे नाहीत म्हणून वकिलावाचून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मदत मागता येते. बेंगळुरूत राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय ‘न्याय देगुल’ या इमारतीत आहे. आणि अखेरीस उच्च न्यायालय आहेच. शिवाजीनगरापासून थोड्याच अंतरावर, कब्बन पार्कच्या कडेला ‘अठरा कचेरी’ची तांबडी वास्तू आहे, घटनेच्या २२६ व्या कलमाखाली तेथे दाद मागता येते. परकीयांसाठीच्या ताबाकेंद्रांत स्त्रियांची आणि मुलांची व्यवस्था कशी असावी, याविषयी याच न्यायालयाने १९ मे २०२० रोजी विस्तृत सूचना दिल्या आहेत. म्हणजे जो खरोखरच परकीय आहे, त्यालाही न्यायालय वाऱ्यावर सोडीत नाही.

परदेशातील आपली माणसे

आज आपल्या मराठी कुटुंबांतील मुले परदेशी राहतात. तेथे तीच परकीय असतात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. अमेरिकेत अशा प्रकरणांसाठी वेगळी न्यायालये आहेत. तेथे वकील नेमता येतो, पण सरकार तो आपल्या खर्चाने देत नाही. आणि सुनावणीच्या दिवशी जो गैरहजर राहील, त्याच्या माघारी हद्दपारीचा आदेश होऊ शकतो. भारतीय वकिलातीला कळविण्याची मागणी करता येते, हेही मुलांना सांगून ठेवावे.

त्याच देशात शंभर वर्षांपूर्वी एका हिंदी वकिलाने स्वतःच्या नागरिकत्वासाठी दिलेला लढा स्मरणात ठेवण्याजोगा आहे. अहमदाबादेत जन्मलेल्या सखाराम गणेश पंडित यांना १९१४ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने अमेरिकेचे नागरिकत्व दिले. ते वकील झाले. एका अमेरिकन स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक नागरिकत्वास अपात्र ठरविले, आणि सरकारने आधी नागरिक झालेल्यांवरही खटले भरले. पंडितांचे नागरिकत्व गेले असते, तर त्यांची वकिली गेली असती आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या पत्नीचेही नागरिकत्व धोक्यात आले असते. त्यांनी न्यायालयापुढे १९१४ चा निकाल ठेवला : सरकारने त्या वेळी अपील केले नाही, आणि त्या निकालावर विश्वासून आपण सारे आयुष्य उभारले. १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. हिंदी लोकांना नागरिक होण्याचा मार्ग तेथे मोकळा झाला तो पुढे १९४६ च्या कायद्याने.

पंडित स्वतः कायदेपंडित होते, हे खरे. पण त्यांना तारले ते एका जुन्या निकालपत्राने. तो कागद नसता, किंवा त्यांना त्यांचे म्हणणे मांडू दिले नसते, तर त्यांची विद्या तेथे अपुरी पडली असती. ज्या प्रकरणांचा उल्लेख वर आला, त्या सर्वांत या दोन गोष्टींचीच गाठ पडलेली दिसते. ऐकून घेण्याचा हक्क घटनेने दिला आहे. त्याचे रक्षण न्यायालय करील. कागद मात्र घरानेच जपावयाचे आहेत.

येत्या रविवारी, वाचकहो, दुपारचे जेवण आटोपल्यावर ती पेटी खाली काढा. आजीला जवळ बसवा, तिचे माहेरचे गाव विचारा, आणि ती सांगेल ते नातवाकडून लिहून घ्या. नावांतील चुका आजच दुरुस्तीला पाठवा. प्रत्येक कागदाची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवा. आणि शेजारच्या मजुराच्या दारात अशी नोटीस आली, तर ती त्याला वाचून दाखवून त्याचे उत्तर लिहून द्या. त्याच्यापाशी कागद असतील. ते कोठे आणि केव्हा दाखवावयाचे, एवढेच कदाचित त्याला ठाऊक नसेल.